हॉलच्या खिडक्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गावात कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. चर्चच्या प्राथमिक शाळेतली पोरं त्यांना चावीमावशी म्हणायची. पोरांचे आईबापही तेच म्हणायचे, कारण त्यांचीही शेंबडी नाकं ह्याच बाईनं पुसलेली. शेवटी फादरसुद्धा प्रार्थना संपल्यावर सूचना देताना ‘चावीमावशींना विचारा’ असंच म्हणायला लागले. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा. त्या व्हरांड्यात वळल्या की तो वाजायचा आणि वर्गातला दंगा आपोआप बसायचा. वर्गावरच्या बाईंना घसा फोडून जे जमत नव्हतं ते ह्यांच्या कमरेला जमायचं.

मी त्यांची धाकटी जाऊ. घर एकच, भाग दोन, मधे सामाईक स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींची डोकी न फोडता राहिलो, ह्याचं सगळं श्रेय त्यांना. मी तोंडाची फटकळ. आलं मनात की गेलं तोंडातून. माझ्या आईनं लग्नाच्या वेळी सासरच्यांना तसं आधीच सांगून टाकलं होतं, नंतर तक्रार नको म्हणून. जाऊबाई मला चिडवायच्या, ‘तुझ्या पोटात काही म्हणून टिकत नाही बघ.’

शाळेत त्या हुद्द्यानं शिपाईबाई. कुलपं उघडायची, घंटा द्यायची, फरशी पुसायची, उलटी केलेल्या पोराला धुऊन कोरडं करायचं. पण खरं काम वेगळंच. आमच्या गावात एक टपालपेटी सोडली तर सरकारी म्हणावं असं काही नाही. त्यामुळे जे काही व्हायचं ते शाळेच्या हॉलमध्ये. लसीकरण तिथे, नळाच्या पाण्यावरून भांडणं तिथे, कुणाच्या घरी लग्न असलं तर बाकडी हलवून जेवणंही तिथेच. शिवाय गुरुवारी दुपारी मोठ्या वर्गांतली पोरं गावात सोडायची पद्धत होती. कुणी आंधळ्या चांभाराला वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, कुणी म्हाताऱ्या शिवणवालीला आठवडाभर पुरतील इतक्या सुयांमध्ये दोरे ओवून द्यायचे. कोणतं पोर कुठल्या घरी जायचं हे जाऊबाई ठरवायच्या. सगळ्यात बडबडी मुलगी त्यांनी मुद्दाम निवृत्त कंडक्टरकडे लावली, जो बायको गेल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हता. महिन्याभरात तो माणूस रस्त्यात लोकांना थांबवून त्या मुलीची तक्रार करायला लागला. म्हणजे बोलायला लागला.

आणि शाळेची दुसरी एक पद्धत होती. ती बाहेरच्या माणसाला सांगितली की तो आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतो. गावात कुणी गेलं की शाळेतली पोरं त्या घराच्या दारापासून चर्चच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहायची आणि गेलेल्या माणसाचं गाणं म्हणायची. चर्चचं भजन नाही, त्या माणसाचं स्वतःचं आवडतं. मग ते सिनेमातलं असो नाहीतर आणखी कुठलं. आता पहिली-दुसरीच्या पोरांना एका दिवसात गाणं कुठून यायला? बेकरीवाला अचानक गेला तेव्हा घाईघाईत शिकवलेलं गाणं अर्ध्या पोरांनी एक म्हटलं, अर्ध्यांनी दुसरंच, आणि त्याच्या बायकोला रडता रडता हसू फुटलं. तेव्हापासून ठरलं, की डॉक्टरांनी नकाराची मान हलवली की तालीम सुरू करायची.

मग आजाऱ्यानं ते ऐकायचं नाही, हे ओघानं आलंच. ते काम जाऊबाईंचं. तालमीआधी त्या हॉलच्या रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, वर खिट्ट्या. पोरं आत घामाघूम व्हायची, गाण्याचे मास्तर कुरकुरायचे, पण ह्या बधायच्या नाहीत. कधी कधी आजारी माणूस बराही व्हायचा. किराणावाल्याच्या आईचं गाणं तर पोरांच्या तीन पिढ्यांना पाठ झालं, आणि म्हातारी अजून सुपारी फोडते आहे. तालीम वाया गेली की जाऊबाईंना कोण आनंद.

आमचं घर हॉलच्या अगदी समोर. मधे रस्ता एवढासा, की तिकडे मास्तरांचा खडू मोडला तर इकडे कळावं.

त्यांच्या पोटात दुखायला लागलं ते त्यांनी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. शाळेला नाताळची सुट्टी लागल्यावर दाखवते म्हणाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खाटेवरच ठेवून मला आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे थोरले दीर. आयुष्यभर पीठगिरणीत पट्ट्यांच्या खडखडाटात उभे राहिलेले, त्यामुळे डावा कान गेलेला आणि उजव्यात ओरडावं तेव्हा काहीतरी पोचतं. फक्त जाऊबाईंचं बोलणं त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीनं ओठांवरून कळायचं. डॉक्टर हळू आवाजात बोलले. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वॉर्डापाशी ओरडणार कशी? शेवटी मी त्यांना हाताला धरून दवाखान्याच्या मागे, जनरेटर चालू होता तिथे नेलं आणि त्या आवाजात त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, की गाठ पसरली आहे, आता कापून उपयोग नाही, उन्हाळा निघाला तर निघाला.

माणूस भिंतीला टेकला. मग म्हणाले, ‘तिला कळता कामा नये. तू तर बोलूच नकोस. ती घाबरेल.’

मी हो म्हटलं.

घरी येऊन भाऊजींनी जाऊबाईंना अल्सर सांगितला. पथ्य, औषध, आराम, आणि पुढच्या सत्राला शाळेत हजर. हे त्यांनी इतक्या उत्साहानं सांगितलं की मीच क्षणभर फसले. त्यांची खाट माडीवर, खिडकीपाशी लावली, कारण शाळा दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. रोज सकाळी भाऊजी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे आणि तिथल्या बातम्या सांगायचे. नवीन पोरीनं घंटा उशिरा दिली, कपाटाचं कुलूप गंजलंय, सगळे म्हणतात चावीमावशी येईपर्यंत असंच चालणार. आणि मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, त्यांनी खरं काय ते सांगितलं. सांगणं भाग होतं, नोकरीचा प्रश्न होता. तिथून ते मास्तरांपर्यंत गेलं.

गाणं कुणाला विचारावं लागलं नाही. जाऊबाई फरशी पुसताना एकच गाणं गुणगुणायच्या, त्यांच्या आईनं रचलेलं, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घ्यायचं. काळी आली, तुरेवाली आली, लंगडी आली, एक कुठे राहिली. बस, एवढंच, फिरून फिरून. जगात दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. शाळेतल्या झाडून सगळ्या मास्तर-बाईंना मात्र पाठ.

त्या दुपारी उकाडा असह्य होता. मी दुधाचा पेला घेऊन त्यांच्या खोलीत गेले. भाऊजी खाटेच्या कडेला बसून मोसंबं सोलत होते आणि शाळेच्या रंगकामाबद्दल काहीतरी सांगत होते. जाऊबाई उशीला टेकून ऐकत होत्या. तेवढ्यात समोरून पियानो वाजला. मग पोरांचे आवाज. काळी आली, तुरेवाली आली.

मी दारातच थिजले. हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. उकडतंय म्हणून उघडल्या असणार, आणि लावायच्या कुणी? लावणारी इथे खाटेवर.

आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंच आलं, मी बघितलं. आपलं गाणं पोरं म्हणताहेत म्हणून. दोन ओळी तशाच गेल्या. मग मास्तरांचा आवाज आला, स्वच्छ, कवायतीत देतात तसा: ‘दोन्ही बाजूंना सरका. मधली वाट मोकळी ठेवा.’

वाट कशासाठी मोकळी ठेवतात हे त्यांना कोण सांगणार? आजवर प्रत्येक वेळी त्याच तर पोरांना खांद्याला धरून मागे सारायच्या, शवपेटी नेणाऱ्यांना कुणाचा पाय लागू नये म्हणून. त्यांचं हसू गेलं. रडल्या नाहीत, दचकल्या नाहीत. हात फक्त पांघरुणावर सपाट ठेवला. आणि शेजारी भाऊजींना ह्यातलं काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मोसंब्याची फोड साफ केली, बी काढली आणि त्यांच्या पुढे धरली. म्हणाले, ‘तू येशील तोवर तुझ्या खोलीलाही रंग लागेल.’

जाऊबाईंनी फोड तोंडात घातली आणि मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुधाचा पेला तिथेच खिडकीत ठेवून मी रस्ता ओलांडला आणि हॉलमध्ये शिरून मास्तरांना जे काही बोलले ते पोरांच्या देखत बोलायला नको होतं. माणसं आहात की कोण आहात, कान नाहीत का, डोळे नाहीत का, समोर कोण झोपलंय दिसत नाही का. मास्तर माझ्याकडे बघताहेत, मग खिडक्यांकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. ते बिचारे खुर्चीवर चढून स्वतः खिडक्या लावायला लागले, आणि एक खिट्टी काही केल्या बसेना, तर तिथेच उभ्यानं रडायला लागले. आता रडणाऱ्या माणसाला आणखी काय बोलायचं? मोठ्या बाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, मी आत्ता येते आणि त्यांना सांगते, की तुम्ही परत याल त्या दिवसाचं स्वागत बसवतोय. मी म्हटलं, सांगा. आणखी एक खोटं, जिथे एवढी तिथे हेही.

त्या आल्या आणि त्यांनी तसं सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, एवढं कशाला.’ आणि मोठ्या बाईंचा हात थोपटला. बाई जिना उतरून गेल्या तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

भाऊजी औषध आणायला बाहेर पडले, आणि जाऊबाईंनी मला दार लावायला सांगितलं.

‘उन्हाळा निघेल का?’ त्यांनी विचारलं.

मी खिडकीतला तो पेला उचलला, पुन्हा ठेवला. काय काय थापा सुचल्या मला. पण आतापर्यंत सगळ्यांनी त्यांना थापाच मारल्या होत्या आणि त्या सगळ्यांचे हात थोपटत बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘डॉक्टर म्हणाले, कदाचित.’

‘बरं.’ मग पांघरूण सारखं करत, ‘दुसऱ्या ओळीला पोरं रेंगाळतात. मास्तरांना सांग.’

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असं रडू आलं की आवरेना. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘ह्यांना कळू देऊ नकोस, मला कळलंय म्हणून. फार मेहनत घेताहेत ते. तुझ्या पोटात काही टिकत नाही, माहीत आहे मला. हे एवढं टिकव.’

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ही कसली तऱ्हा? तुम्ही त्यांच्यासाठी गप्प, ते तुमच्यासाठी गप्प, आणि दोघं एका खोलीत बसून रंगाच्या गोष्टी करताय. उद्या तुम्ही गेल्यावर त्या माणसाजवळ काय राहील? एक शब्द तरी खरा बोला एकमेकांशी. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, की मला भीती वाटली तर ह्यांना बघवणार नाही, आणि ह्यांना भीती वाटली तर मला. मग खरं बोलून दोघांनी एकमेकांकडे बघायचं तरी कसं?

भाऊजींनाही मी गाठलं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि ओरडून म्हटलं, ताईंशी बोला, सांगून टाका, त्या धीराच्या आहेत. त्यांनी चिमटे माझ्या हातात दिले. म्हणाले, ‘दिवसभर ती हसते तरी. ते घालवू का?’ त्या का हसतात हे मला माहीत होतं आणि ते सांगायची मला बंदी होती. मी कपड्यांवर राग काढला. आमच्या ह्यांच्या एका सदऱ्याची बटणंच गेली त्यात.

असे सगळे दिवस गेले. मला ते घर असह्य झालं होतं, खरं सांगते. सकाळी भाऊजी फाटकापर्यंत जायचे आणि बातम्या आणायचे. पुढे पुढे बातम्या संपल्या, तेव्हा ते रचून सांगायला लागले. हॉलला नवा पडदा येणार आहे, घंटा बदलणार आहेत, कोणती घ्यायची ते तुला विचारून ठरवणार. जाऊबाई सविस्तर उत्तर द्यायच्या. पितळेची घ्या, लोखंडी बद्द वाजते. दुखणं वाढलं की त्या भाऊजींना काहीतरी आणायला पाठवायच्या, कधी लिंबू, कधी दोरा, आणि ते गेले की उशीत तोंड खुपसून कण्हायच्या. त्यांना ऐकू येत नाही, समोर बसून कण्हल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना दिसतं ना, म्हणायच्या. ते परत यायच्या आत मी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसायचे, केस सारखे करायचे. ते दोरा घेऊन यायचे आणि ह्या रंग बघून म्हणायच्या, अहो हा नव्हे, दुसरा. आणि ते पुन्हा जायचे, बिचारे, खुशीत. काम सांगते म्हणजे बरी आहे, असं त्यांना वाटायचं.

गुरुवारी पोरं गावात निघायची तेव्हा आता आमच्याकडेही एक मुलगी यायला लागली. तीच ती बडबडी, कंडक्टरकडे लावलेली. तिला कुणी पाठवलं हे विचारायची गरज नव्हती. मोठ्या बाईंनी जाऊबाईंचीच रीत त्यांच्यावर चालवली होती. जाऊबाईंना ते लगेच कळलं, आणि त्या मुलीला त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर कंडक्टरकडे आता कोण जातं.

उन्हाळा निघाला नाही. एका दुपारी भाऊजी खालून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले तोवर त्या गेलेल्या होत्या. मी जवळ होते. शेवटी त्या दाराकडे बघत होत्या एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी पोरं उभी राहिली, आमच्या दारापासून समोरच्या फाटकापर्यंत. अंतर ते किती, शाळेचं नि चर्चचं फाटक एकच, रस्ता ओलांडायचा फक्त. दोन्ही रांगा मावेनात म्हणून मास्तरांनी चर्चला वळसा घालून पार मागच्या दफनभूमीपर्यंत पोरं उभी केली. मधली वाट मोकळी. काळी आली, तुरेवाली आली. दुसऱ्या ओळीला एकही पोर रेंगाळलं नाही. भाऊजी पेटीमागून चालले होते आणि दोन्हीकडच्या पोरांच्या तोंडांकडे बघत होते, एकदा ह्या बाजूला, एकदा त्या. कोणतं गाणं आहे ते त्यांना ओठांवरून कळलं असावं, कारण मधेच त्यांनी स्वतःशी मान हलवली.

फादरांचं म्हणून झालं, माती टाकून झाली. सगळे अजून उभेच होते. कंडक्टर होता, शिवणवाली होती, चांभाराला कुणीतरी हाताला धरून आणलं होतं. मोठ्या बाई आणि मास्तर माझ्या अगदी समोर. पोरं आईबापांच्या पायांशी. भाऊजी माझ्याकडे वळले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, ‘एक बरं झालं. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही.’

मास्तरांनी मान खाली घातली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या निम्म्या गावानं बघितलं, कारण त्या दुपारच्या उघड्या खिडक्यांची गोष्ट एव्हाना घरोघरी पोचली होती. माझ्या ओठांवर आलं होतं. त्या बाईनं उशीत तोंड खुपसून काय काय सोसलं आणि कुणासाठी सोसलं, हे ह्या माणसाला कळायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं.

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि म्हटलं, ‘हो भाऊजी.’

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि वाट बघत राहिले. हळू बोलून भागणार नव्हतं. मग मी सगळ्या गावासमोर, पोरांसमोर, जाऊबाईंच्या ताज्या मातीसमोर, घशाच्या शिरा ताणून ओरडले:

‘हो भाऊजी. त्यांना काहीच कळलं नाही.’